चहामागची स्लाइड

हेमांगी टिपणीस बोलायला उभी राहिली की माणसं मोबाइल उपडा घालतात, अशी साताऱ्यात तिची ख्याती होती. ख्याती खोटी नव्हती. फक्त तिच्यातली अर्धी हेमांगीची होती आणि अर्धी तिच्या उजव्या कानातल्या मुगाएवढ्या यंत्राची, आणि असलं काही कुणी सभेत सांगत बसत नाही.

त्या सकाळी ती जिल्ह्याच्या मोठ्या सभागृहात उभी होती. समोर वीसेक अधिकारी, मधोमध प्रांत अधिकारी खर्डेकरसाहेब, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'उरका लवकर' असा भाव.

"तळवटे गावात द्रौपदाबाई शेलार राहतात," हेमांगीनं सुरुवात केली. मान्यवरांची नावं नाहीत, कंपनीचा इतिहास नाही. "दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला भेग पडली. त्यांनी ती शेणामातीनं लिंपली. गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडली. त्यांनी पुन्हा लिंपली. द्रौपदाबाईंना वाटतंय, भिंत जुनी झाली. भिंतीला काही झालेलं नाही. भिंतीमागचा डोंगर चालतोय."

मोबाइल उपडे झाले.

'थांबा,' कानातलं यंत्र म्हणालं. ती थांबली. 'आता चित्र.' पडद्यावर तळवट्याचा डोंगर आला, त्याच्या पायथ्याशी कोंबडीखाली पिलं बसावीत तशी घरं. खर्डेकरसाहेब खुर्चीत पुढे सरकले.

आता हे कानातलं काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. त्याचं नाव सूत्रधार. आपलं हृदय एकदा धडधडलं की चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त कणभर वाढतं आणि कातडीचा रंग बदलतो. आपल्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही, चांगल्या कॅमेऱ्याला दिसतो. पडद्याजवळ ठेवलेला एक छोटा कॅमेरा समोरच्या प्रत्येकाची नाडी अशी लांबूनच वाचायचा, शिवाय डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या झाल्या तेही टिपायचा. एखादी गोष्ट माणसांना धरून ठेवते तेव्हा त्यांच्या नाड्या जणू ठरवल्यासारख्या एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात, हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. सूत्रधार तो मेळ मोजायचा आणि त्याची एक हिरवी रेष काढायचा. रेष वर, म्हणजे सभा मुठीत. रेष खाली, म्हणजे सभा सुटली. सुटतेय असं दिसलं की यंत्र स्लाइडांचा क्रम तिथल्या तिथे बदलायचं आणि वक्त्याच्या कानात सांगायचं, आकडे सोडा, गोष्ट सांगा, आवाज खाली आणा.

गेल्या दोन वर्षांत साताऱ्यापासून नागपूरपर्यंत ज्याला त्याला सूत्रधार हवा झाला होता. विमा विकणारे, इमारती बांधणारे, प्राचार्य, झाडून सगळे. हेमांगीच्या कंपनीत तर बढतीसुद्धा हिरव्या रेषेवर ठरायची, आणि हेमांगीची रेष कंपनीत सगळ्यांत वर असायची.

"डोंगर सरकण्याआधी कुरकुरतो," ती सांगत होती. "आपल्या कानांना ते ऐकू येत नाही. म्हणून आम्ही डोंगरात काचेची तार पुरतो. केसाएवढी बारीक. तिच्यात एका टोकाकडून प्रकाश सोडला की तारेच्या कणाकणावरून थोडा प्रकाश परत येतो. माती नखभरही ताणली गेली तर परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे ही नुसती तार नाही, साहेब. हे डोंगराच्या पोटात ठेवलेले हजारो कान आहेत. कुरकुर वाढली की गावात भोंगा वाजेल, आणि द्रौपदाबाई ओढ्यापलीकडच्या शाळेत पोचलेल्या असतील."

कानात शब्द आला, 'उत्तम. आता समारोप.' तेवढ्यात मागचं दार उघडून कपबश्यांचा ट्रे आत आला.

"काही शंका असतील तर जरूर विचारा," हेमांगी म्हणाली.

आता आपल्याकडे हे वाक्य कशासाठी असतं, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. ते शंकेसाठी नसतं, चहासाठी असतं. वक्त्यानं ते म्हणायचं, श्रोत्यांनी "छान, छान" म्हणत खुर्च्या मागे सारायच्या. त्या वेळी जो खरोखरच हात वर करतो त्याच्याकडे सगळे असे बघतात, की पुन्हा जन्मात त्याला शंका येत नाही.

खर्डेकरसाहेब बशीत बिस्किट ठेवत म्हणाले, "वा, टिपणीसबाई. डोक्यावरचं ओझं उतरवलंत. ते गाव हलवायचं लचांड चार वर्षं लटकलंय, गावकरी ऐकत नाहीत. आता तार आली की हलवायची गरजच नाही. भोंगा वाजेपर्यंत झोपा म्हणावं खुशाल."

"अगदी," हेमांगी हसून म्हणाली. मग तिचं लक्ष शेवटच्या रांगेकडे गेलं. तिथे फिरोज मुजावर बसला होता, चहा न घेता.

फिरोज हा कंपनीचा भूभौतिकशास्त्रज्ञ. तार त्यानं घडवली, डोंगर त्यानं पालथा घातला. पण त्याला बोलायला उभं केलं की विचारू नका. हेमांगीनं त्याचं पहिलं सादरीकरण पाहिलं होतं तेव्हा तो पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचत होता, आणि सुरुवातच त्यानं 'या प्रयोगाच्या मर्यादा' इथून केली होती. अर्ध्या तासात निम्मी खोली रिकामी. तेव्हापासून तिनं त्याला आपल्या पंखाखाली घेतलं होतं. आधी माणूस, मग त्याचं संकट, मग वाट, मग आपलं मागणं; एका स्लाइडवर एकच गोष्ट; आणि कृपा करून पडद्याला पाठ दाखव रे, लोकांना नको. त्याची तार आणि तिची वाणी असं दोघांचं छान जमलं होतं. डबासुद्धा दोघं एकत्र खायचे.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यानं डबा उघडलाच नाही.

"माझी स्लाइड कुठे गेली?"

"होती की. शेवटी ठेवली होती."

"शेवटी चहा असतो, हेमांगी."

"सूत्रधारनं मागे ढकलली, फिरोज. मी नाही. चारही तालमींत त्या स्लाइडला रेष खड्ड्यात गेली. लोक तुटतात तिथे."

"मग तुटू देत ना." त्यानं खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. चिडला की तो असंच करायचा. "खर्डेकरसाहेब काय म्हणाले ऐकलंस? भोंगा वाजेपर्यंत झोपा. तळवट्याच्या डोंगरात खाली चिकणमातीचा थर आहे, मी तुला शंभरदा सांगितलंय. कोरडी असते तेव्हा तिचे कण एकमेकांवर घासतात, म्हणून आवाज येतो. पाण्यानं पूर्ण भरली की घासणंच बंद. साबण लावल्यासारखी नुसती निसटते. आवाज नाही, काही नाही. तार म्हणेल सगळं शांत आहे. पडद्यावर हिरवा दिवा लागेल. आणि डोंगर खाली येईल."

"दर वेळी थोडंच तसं होणार आहे?"

"दर वेळी नाही. कधी कुरकुरून येईल, कधी गुपचूप येईल. कधी कसा ते मला सांगता येत नाही. म्हणून तर ती स्लाइड."

त्याचं म्हणणं हेमांगीला कळत नव्हतं असं नाही. पण पुढच्या आठवड्यात तळवट्याची ग्रामसभा होती, गावानं ठराव केला नाही तर तार पुरताच येणार नव्हती, आणि 'आमचं यंत्र फसू शकतं' असं सांगून कुठल्या गावानं ठराव केलाय? तार नाही म्हणजे भोंगाही नाही. अर्धा कान बरा की बहिरेपण? तिनं असा विचार केला आणि विषय मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला.

तो निघेना. त्याला कारण झाला नचिकेत, तिचा नवरा.

नचिकेतचं राजवाड्याजवळ चष्म्याचं दुकान होतं. माणूस शांत, कधी आवाज चढवायचा नाही. त्या संध्याकाळी तो भाजी निवडताना म्हणाला, "उर्वीचा फोन होता. रडत नव्हती. पण रडून झालं होतं."

त्यांची मुलगी उर्वी आठवीत होती आणि जूनपासून पुण्याला होस्टेलवर.

"सवय होईल," हेमांगी म्हणाली. "आपण सगळा विचार करून ठरवलंय ना."

"तेच मी आठवतोय. काय विचार केला होता गं?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो खरंच आठवत होता. "तू जेवणाच्या टेबलावर बोललीस, मला पटलं, उर्वीलाही पटलं. दोघांनी मान डोलावली. आणि तू खोलीबाहेर गेल्यावर उर्वी मला म्हणाली, बाबा, आपण नक्की कशाला हो म्हटलं? तुझं बोलणं पटतं, हेमांगी. फक्त काय पटलं ते नंतर सापडत नाही."

होस्टेलचं ठरलं त्या दिवशी हेमांगीनं सराव म्हणून मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, कॅमेरा चालू करून. कानात सूत्रधार होता. आपल्याच लेकीची रेष वर जाताना तिला केवढा आनंद झाला होता. आता तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती नचिकेतला तसं म्हणालीही.

तो म्हणाला, "मला आधी सांगायचंस," आणि भाजी निवडत राहिला.

पण हेमांगी नुसती लाजून बसणारी बाई नव्हती. तिला चौकशीचा किडा होता. रविवारी सकाळी तिनं आपल्या जुन्या सादरीकरणांची रेकॉर्डिंग उघडली आणि लोकांना फोन लावायला सुरुवात केली.

पहिला फोन एका बँकेच्या विभागप्रमुखांना. त्यांच्या सभेत हिरवी रेष छताला टेकली होती.

"टिपणीसबाई, काय बोलला होतात तुम्ही! आमच्यात अजून चर्चा असते."

"कशाची चर्चा असते, सर?"

"तुमच्या बोलण्याची."

"विषय काय होता, आठवतोय?"

"ते... सुरक्षेसंबंधी होतं ना काहीतरी? की सौरऊर्जा? पण झालं मात्र अप्रतिम."

असे सात-आठ फोन झाले. सगळ्यांना ती आठवत होती, तिचा विषय कुणालाच नाही. मग तिनं मुद्दाम आपलं सगळ्यांत पडलेलं सादरीकरण शोधून काढलं. कऱ्हाडजवळच्या महिला दूध संस्थेपुढे तिनं शीतटाकीची योजना मांडली होती. तेव्हा सूत्रधार नवा होता, त्याचा कानातला आवाज मध्येच बंद पडला होता, आणि रेष पार तळाला. संस्थेनं योजना नाकारली होती. तिथल्या अध्यक्षीणबाईंनी फोन उचलला आणि हेमांगीनं काही विचारायच्या आत सगळी योजना पाठ म्हणून दाखवली.

"तुम्हाला आम्ही नाही म्हणालो ते रागानं नाही हं," बाई म्हणाल्या. "लाइट गेली तर दूध कुठं ठेवायचं, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक नव्हतं. पुढं आम्ही दुसरीकडून टाकी घेतली, जनित्रासकट. बरी चाललीय."

हेमांगीनं फोन ठेवला आणि त्या सभेची रेष पुन्हा पाहिली. मग रेष बाजूला सारून तिच्याखालची मूळ नोंद उघडली, जी कधी कुणी उघडत नसे: एकेका बाईची वेगळी नाडी, वेगळ्या बाहुल्या. कंटाळलेल्या माणसाच्या बाहुल्या बारीक होतात. या बायकांच्या मोठ्या झाल्या होत्या, अवघड गणित सोडवताना होतात तशा. आणि नाड्या? एकीची वर, एकीची खाली, एकीची संथ. कुणाचा कुणाला मेळ नाही. त्यांचं लक्ष मुळीच उडालं नव्हतं. प्रत्येक बाई आपापल्या गोठ्यात, आपापल्या घागरीपाशी जाऊन स्वतःचा विचार करत होती.

दुपारी ती फिरोजच्या घरी गेली. तो मुलांची सायकल दुरुस्त करत होता, हात काळे.

"खड्डा म्हणजे विचार," ती दारातूनच म्हणाली.

"आधी चप्पल काढ, मग सांग."

तिनं सांगितलं. तो फडक्याला हात पुसत ऐकत राहिला. "म्हणजे माणसं एकत्र हलतात तेव्हा ती ऐकत असतात, आणि वेगवेगळी हलतात तेव्हा विचार करत असतात?"

"हो. आणि विचार सुरू झाला की सूत्रधार घाबरून तो बंद पाडतो. त्याला आपण आपल्याच सभांवर शिकवलंय, फिरोज. जिथे प्रश्न आला नाही, चहा वेळेवर झाला आणि लोक छान म्हणाले, ती सभा यशस्वी."

फिरोज हसला, पण मनापासून नाही. "माझी तारही तेच करते. शांत म्हणजे सगळं ठीक. एवढे कान दिले तिला, आणि समजूत ही."

"ग्रामसभेत मी तुझी स्लाइड आधी दाखवणार आहे. द्रौपदाबाईंच्या भेगेनंतर लगेच."

"आणि गावानं तारच नाकारली तर?"

"तर मी चूक ठरेन. पण न सांगता ती माणसं तिथे झोपली, तर मला झोप येणार नाही."

तळवट्याची ग्रामसभा ओढ्यापलीकडच्या शाळेत भरली. पुरुष पुढे, बायका भिंतीला टेकून. खर्डेकरसाहेब खुर्चीवर, सरपंच त्यांच्या शेजारी. मागे स्टोव्हवर चहाचं मोठं पातेलं आधीच चढलेलं होतं.

"सरपंच, चहा जरा थांबवता का?" हेमांगीनं विचारलं. "माझं झाल्यावर नको. तुमचं झाल्यावर."

"आमचं काय व्हायचंय?" सरपंच गोंधळून म्हणाले, पण स्टोव्ह बारीक केला.

तिनं भेगेची गोष्ट सांगितली. ऐन मध्यात भिंतीपाशी एक उंच, काटक बाई उठून उभी राहिली. "अगं बया, ती माझी भिंत. समद्या जिल्ह्याला दावलंत म्हनं माझं लिंपण?" सगळी शाळा हसली. या द्रौपदाबाई. कानात सूत्रधार खूश होता. 'उत्तम. रेष वर. आता तार.'

हेमांगीनं तार सांगितली. फिरोजनं आणलेली डबी टेबलावर ठेवली. ती तारेतल्या आवाजाची टिकटिक करून ऐकवायची. डोंगरात चाचणीसाठी पुरलेल्या छोट्या तारेला ती जोडलेली होती. टिक, टिकटिक, टिक. माणसं माना लांब करून आपल्या डोंगराचा आवाज ऐकू लागली.

'समारोप,' सूत्रधार म्हणाला.

तिनं स्लाइड बदलली. पडद्यावर एवढंच होतं: ही तार कुठे फसते.

"आता मी जे सांगणार आहे ते आमच्या कंपनीला आवडणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या डोंगरात चिकणमाती आहे. मुरवणीचा, सलग झिरपत राहणारा पाऊस झाला आणि ती माती पाण्यानं भरली, की डोंगर आवाज करायचा थांबतो. तेव्हा तो बसलाय की निघालाय, हे तारेला कळत नाही. भोंगा वाजणार नाही. आमच्या पडद्यावर हिरवा दिवा असेल. आणि तरी डोंगर येऊ शकतो."

'रेष घसरतेय. गोष्ट सांगा.'

ती समोरच्या माणसांकडे बघत उभी राहिली.

'रेष तळाला. पुढची स्लाइड.' यंत्र स्वतःच स्लाइड बदलायला गेलं. मागे फिरोजनं काय केलं कोण जाणे, पडदा हलला नाही. 'सभा सुटली,' कानात आवाज आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हेमांगीला ते वाक्य ऐकून बरं वाटलं. समोर एक म्हातारा जमिनीकडे बघत बोटानं धुळीत काहीतरी रेघा ओढत होता. एक बाई दाराबाहेर आपल्या घराच्या दिशेनं बघत होती. कुणी मान डोलावत नव्हतं. खर्डेकरसाहेब मात्र खुर्चीत चुळबुळत होते.

"बाई, हे तुम्ही आम्हाला तिकडे सांगितलं नाहीत," ते हळूच म्हणाले.

"नाही सांगितलं, साहेब. चहा आला." तिनं मान खाली घातली नाही. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

पहिला आवाज द्रौपदाबाईंचा आला. "मला एक सांगा बाई. वाजलं तर निघायचं. न्हाय वाजलं तरी निघायचं. मग ह्या तुमच्या यंत्राचा उपेग काय?"

शाळेत खसखस पिकली, मग थांबली, कारण सगळ्यांना तेच विचारायचं होतं. हेमांगीनं फिरोजकडे पाहिलं. तो उठून पुढे आला, पडद्याला पाठ करून.

"काकी, उपयोग अर्धा आहे," तो म्हणाला. "मला पूर्ण द्यायचा होता, जमला नाही अजून."

मग जे सुरू झालं ते आवरेना. उन्हाळ्यात टिकटिक असते का? असते. गुरं चरायला गेली तर? तरी असते. रोज असते? रोज, कमीजास्त. धुळीत रेघा ओढणारा म्हातारा म्हणाला की मागं वरची वाडी गेली तेव्हाही आधी सगळं लई शांत झालं होतं, बेडकंसुद्धा. भोंग्याचं बटण कुणाकडे, आजारी माणसाला कोण उचलणार, गुरांचं काय. एक तरुण म्हणाला, असली अर्धवट तार नकोच आपल्याला, आणि तीन-चार माना त्याच्या बाजूनं हलल्या.

द्रौपदाबाई मधूनच टेबलापाशी आल्या आणि डबी उचलून कानाला लावली. टिक. टिकटिक.

"ही डबी आमाला द्याल?"

"ही नुसती दाखवायची आहे," फिरोज म्हणाला.

"दाखवायचीच द्या. देवळात टांगू. रोज समद्यास्नी ऐकू येईल." त्या गावाकडे वळल्या. "भोंगा वाजला तर पळायचं. आन् पावसात ही डबी गप झाली, तर चालत यायचं हितं, शाळंत. भांडीकुंडी घेऊन, सावकाश. वाजलं तर पळायचं, गप झालं तर चालायचं. हाय काय त्यात अवघड?"

अवघड नव्हतं. फिरोजला वर्षभर डोकं फोडूनही जे उत्तर सापडलं नव्हतं, कारण तो तारेला शहाणं करायच्या मागे होता, ते असं समोर येऊन बसलं. ठराव झाला, हात मोजून झाला. सरपंचांना चहाची आठवण झाली तोवर पातेल्यात साय धरली होती.

कंपनीत त्या सभेची रेष सगळ्यांनी पाहिली. सूत्रधारनं शेरा दिला होता: अयशस्वी. हेमांगीची बढती त्या वर्षी गेली ती गेलीच. तिनं आपल्या वरिष्ठांना खड्ड्याचं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "पटलं," आणि दुसऱ्या दिवशी विसरले.

दिवाळीची वाट न बघता ती आणि नचिकेत पुण्याला जाऊन उर्वीला भेटले. या वेळी मोबाइल पिशवीत होता. "तुला काय वाटतं?" हेमांगीनं विचारलं आणि गप्प बसली. हेमांगीच्या तोंडाशी तीनदा सल्ला आला आणि तिनं तो गिळला. शेवटी उर्वी म्हणाली, "वर्ष पूर्ण करते. मग घरी येते. आणि आई, मला हे आधी का नाही विचारलंस?"

पुढच्या श्रावणात, पावसाला सात दिवस खळ नव्हता तेव्हा, भर दुपारी फिरोज धावत तिच्या टेबलाशी आला. हातातल्या पडद्यावर तळवट्याचा डोंगर आणि त्याच्याखाली हिरव्या अक्षरांत एकच शब्द: शांत.

"केव्हापासून?"

"अकरापासून. भोंगा वाजणार नाही."

हेमांगीनं द्रौपदाबाईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. उचलला तेव्हा मागून पोरांचा कलकलाट आणि भांड्यांचा आवाज येत होता.

"बाई, कुठं आहात तुम्ही? डबी गप्प झालीय का? ऐका, आत्ताच्या आत्ता..."

"शाळंत हाय की. कवाच्या आलो. म्हशीसकट." द्रौपदाबाई कुणाला तरी ओरडल्या, त्या पातेल्याला हात लावू नको म्हणून. "सरपंच कुरकुरतायत, म्हनं गेल्या बारीला उगाच आलो, काय झालं न्हाय. म्या म्हटलं, बरंच झालं की मग."

"सगळे आलेत?"

"मोजलीत. समदी हायत."

हेमांगी खुर्चीत बसली. काहीतरी विचारणार, इतक्यात फोनमधले सगळे आवाज थांबले. पोरं थांबली, भांडी थांबली. मग लांबून, कुणी खडीचा ट्रक ओतावा तसा आणि न संपणारा आवाज आला. फिरोजच्या हातातल्या पडद्यावर हिरवा शब्द होता तसाच होता. मग डोंगरातली तार तुटली आणि पडदा काळा झाला.

"द्रौपदाबाई?"

बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला.

"गोठा गेला," त्या म्हणाल्या. "घर बी गेलं. माझं आन् शेजारची धा-बारा." त्यांचा आवाज कापत होता, पण त्या बोलत राहिल्या. "बाई, तुमचं यंत्र एक सबूद बोललं न्हाय."

"नाही बोललं," हेमांगी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

"म्हनून तर उठलो," द्रौपदाबाई म्हणाल्या.